परदेशात फोन अनलॉक करणे आणि प्रीपेड कंपनी बदलणे: जुनं सिम शेवटपर्यंत जिवंत ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: परदेशात राहताना एका मोबाइल कंपनीकडून प्रीपेड प्लॅनसोबत फोन स्वस्तात घेतला. आता त्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीकडे जायचं आहे, नंबर तोच ठेवायचा आहे आणि वर्षा-दोन वर्षांत देशही बदलण्याची शक्यता आहे. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात जुनं सिम चालू असतानाच करायची. अनलॉकची विनंती, नंबर नेण्याचा कोड आणि बँकेचे ओटीपी ही तिन्ही कामं जुन्या कनेक्शनवर अवलंबून असतात. नवीन सिम घेतलं, जुन्याचा रिचार्ज थांबवला आणि मग अनलॉकसाठी फोन केला, असं उलट्या क्रमाने केलं की 'हे खातं चालू नाही' एवढंच उत्तर मिळतं. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. फोन चांगला असतो, माणूस शहाणा असतो, फक्त क्रम चुकलेला असतो.

कुलूप नेमकं कुठलं

'फोन लॉक आहे' या एका वाक्यात लोक चार वेगवेगळ्या गोष्टी घालतात. पहिली सिम लॉक: फोन ठरावीक कंपनीचंच सिम घेतो. दुसरी खात्याचं कुलूप: आधीच्या मालकाचं ॲपल किंवा गूगल खातं फोनला चिकटलेलं असतं. ते फक्त त्याच्या पासवर्डने किंवा खरेदीच्या पावतीवर निघतं, मोबाइल कंपनी त्यात काही करू शकत नाही. तिसरी काळी यादी: फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असतो किंवा त्याचे पैसे थकलेले असतात. असा फोन अनलॉक केला तरी त्याला नेटवर्क मिळत नाही. चौथी हप्त्यांच्या फोनवर किंवा ऑफिसच्या फोनवर बसवलेलं नियंत्रण. इथून पुढे फक्त सिम लॉकबद्दल लिहितो. पण सेकंडहँड फोन घेताना चारही तपासा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन 'कॅरियर लॉक' ही ओळ बघा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडमध्ये सगळ्या फोनना लागू पडेल अशी एक जागा नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं हाच भरवशाचा मार्ग. लॉक असेल तर सहसा 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' मागणारी चौकट येते.

ही चाचणी दोन प्रकारे फसवते. सिमवर आयएमएसआय नावाचा क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे. लॉक मुख्यतः हेच अंक तपासतं. ज्या छोट्या प्रीपेड कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात त्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेतात आणि अनेकदा त्यांच्या सिमवर मोठ्या कंपनीचेच अंक असतात. असं सिम लॉक असलेल्या फोनमध्येही चालतं आणि आपल्याला वाटतं, फोन मोकळा आहे. म्हणून चाचणीसाठी सिम पूर्ण वेगळ्या नेटवर्कचं घ्या. दुसरी फसवणूक रोमिंगची. लॉक टॉवर बघत नाही, सिम बघतं. त्यामुळे जुनं सिम घालून फोन दुसऱ्या देशात व्यवस्थित चालला, याचा अर्थ तो अनलॉक आहे असा होत नाही.

याची एक सोयीची बाजूही आहे. तुम्हाला फक्त बिल कमी करायचं असेल आणि देश बदलायचा नसेल, तर त्याच नेटवर्कवरच्या एखाद्या स्वस्त कंपनीचं सिम अनलॉक न करताच चालू शकतं. मात्र काही कंपन्या सिमवरचा आणखी एक गट-क्रमांक तपासणारं लॉक लावतात. त्या फोनमध्ये हे जमत नाही. आधी सिम घालून बघा, मगच प्लॅनचे पैसे भरा.

कंपनी अनलॉक करून देणार का

हे देशावर ठरतं. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून अनलॉकसाठी पैसे घेता येत नाहीत आणि नवे फोन मोकळेच विकावे लागतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून आणि जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे. तुमचा फोन या तारखांनंतर तिथे नवा घेतलेला असेल तर बहुधा प्रश्नच नाही.

अमेरिकेत मात्र लॉक अजून सर्रास आहे. २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला फोन अनलॉक करून घेण्याची मोकळीक दिली. पण तो कधी करून द्यायचा याच्या अटी कंपन्यांच्या धोरणात असतात. तिथल्या मोबाइल उद्योगाच्या आचारसंहितेनुसार प्रीपेड फोन सुरू केल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षात अनलॉक करून द्यायचा असतो आणि विनंतीवर दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. यातली मेख 'रक्कम, वापर आणि मुदतीच्या वाजवी अटी' या शब्दांत आहे. अनेक कंपन्या कॅलेंडरचे दिवस मोजत नाहीत, पैसे भरून सेवा चालू असलेले दिवस मोजतात. मध्ये दोन महिने रिचार्ज केला नाही, तर ते दोन महिने हिशेबात धरत नाहीत. काही ठिकाणी तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते. म्हणून फोन घेतानाच त्या ब्रँडचं अनलॉक धोरण वाचा आणि त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. एकाच मोठ्या कंपनीच्या दोन प्रीपेड ब्रँडची धोरणं वेगळी असतात, त्यामुळे 'मित्राचा दोन महिन्यांत झाला' हा पुरावा धरू नका.

मुदत पूर्ण होण्याआधी देश सोडावा लागणार असेल तर विनंती तिथे असतानाच करा आणि कारण लिहून द्या. बाहेर तैनातीवर जाणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेत वेगळी सवलत आहे. बाकीच्यांच्या बाबतीत सवलत देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. बाहेर गेल्यावर त्या कंपनीची हेल्पलाइन लागत नाही, ॲपमध्ये लॉगिन करायला ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद झालेला असतो.

विनंतीसाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. *#०६# डायल केलं की पंधरा अंकी क्रमांक दिसतो. तो इथूनच घ्या, खोक्यावरून नको. वॉरंटीत फोन बदलून मिळाला असेल तर खोक्यावरचा आणि फोनमधला आयएमईआय वेगळे असतात. उलट कधी कधी कंपनीच्या नोंदीत जुनाच आयएमईआय राहिलेला असतो, मग 'हा फोन आमचा नाही' म्हणून विनंती परत येते. अशा वेळी फोन बदलून मिळाल्याची पावती जोडा, वाद घालण्यात वेळ घालवू नका. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. सहसा पहिला द्यायचा असतो.

अनलॉक आल्यावर

आयफोनला कोड नसतो. कंपनी मंजुरी देते आणि ॲपलच्या सर्व्हरवर नोंद बदलते. मंजुरीचा निरोप आल्यावर फोन वाय-फायला जोडा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घाला. तरीही 'सिम नॉट सपोर्टेड' आलं तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसा आणि पुन्हा सेट करा. पिक्सेलमध्येही नोंद सर्व्हरवर असते, त्यामुळे तिथेही वाय-फाय हवं. काही अमेरिकी कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये अनलॉकचं वेगळं ॲप किंवा सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अनलॉक' असा पर्याय असतो. तिथे 'कायमचा' आणि 'तात्पुरता' असे दोन पर्याय दिसले तर कायमचा निवडा. तात्पुरता पर्याय प्रवासासाठी असतो आणि काही दिवसांनी लॉक परत येतं.

उरलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये कोड टाकावा लागतो. इथे शांतपणे काम करा. चुकीचा कोड टाकण्याच्या संधी मोजक्या असतात आणि मोजणी फोनच्या आत होते. फोन रीसेट केला तरी ती शून्यावर येत नाही. संधी संपल्या की फोन गोठतो आणि मग बरोबर कोडही घेत नाही. आधी गोठलेलं उघडणारा दुसरा कोड लागतो, तो कंपनीकडून मिळाला तर मिळाला. म्हणून इंटरनेटवर सापडलेले 'सगळ्यांना चालणारे' कोड टाकून बघू नका. प्रत्येक फोनचा कोड वेगळा असतो.

सॅमसंगच्या काही फोनना याशिवाय प्रादेशिक लॉक असतं. फोन कुठल्याही कंपनीला बांधलेला नसला तरी ज्या प्रदेशात विकला गेला तिथल्या सिमवरून आधी एकूण पाच मिनिटांचे कॉल व्हावे लागतात. मगच दुसऱ्या प्रदेशाचं सिम चालतं. भेट म्हणून आलेला सीलबंद फोन परदेशात उघडला की ही पंचाईत होते. फोन नेणाऱ्याने निघण्यापूर्वी स्थानिक सिम घालून पाच-सहा मिनिटं बोलून घ्यावं.

पैसे घेऊन अनलॉक करणाऱ्या वेबसाइटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कंपनीने नकार दिल्याशिवाय तिकडे वळू नका आणि नवीन आयफोनसाठी तर वळूच नका. आडमार्गाने बदललेली सर्व्हरवरची नोंद पुन्हा लॉक होऊ शकते. सिमखाली ठेवायची पातळ चिप फोन अनलॉक करत नाही, ती फक्त फोनला फसवते. सॉफ्टवेअर अपडेट आलं की खेळ संपतो. कुणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर सरळ निघून या. ब्रिटनमध्ये २००२ पासून तो गुन्हा आहे आणि इतरही अनेक देशांत आहे.

मोकळा फोन तिथे चालेल का

अनलॉक केल्याने फोनला नवीन बँड, म्हणजे नेटवर्क ज्यावर चालतं ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, मिळत नाहीत. युरोपात ४जीसाठी बँड ३, ७ आणि २० महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत २, ४, ६६ यांच्या जोडीला लांब पल्ल्याचे १२, १३ आणि ७१ लागतात. कमी फ्रिक्वेन्सीचा बँड नसलेला फोन शहरात रस्त्यावर छान चालतो आणि घरात शिरलं की किंवा गावाबाहेर गेलं की मान टाकतो. मॉडेलचं नाव पुरेसं नाही. एकाच नावाच्या फोनच्या वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्यांचे बँड वेगळे असतात, म्हणून सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल क्रमांक बघा.

त्याहून जास्त छळणारी गोष्ट म्हणजे व्होल्टे, म्हणजे ४जी नेटवर्कवरून कॉल लावण्याची सोय. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ अखेर तेच झालं. आता तिथे कॉल फक्त ४जी-५जीवरून जातो आणि त्यासाठी फोनच्या मॉडेलला कंपनीची मान्यता लागते. मान्यता नसेल तर इंटरनेट जोरात चालतं, मेसेज येतात, पण कॉल लावला की लगेच तुटतो. सिम खराब आहे असं समजून लोक दुकानात तीन-तीन वेळा सिम बदलून घेतात. खरी चाचणी सोपी आहे: कॉल चालू असताना वरची ४जी-५जीची खूण टिकते का ते बघा. टिकली तर कॉल व्होल्टेवरून चालला आहे. ती जाऊन ३जी, एच किंवा ई दिसलं, तर फोन जुन्या नेटवर्कवर घसरतो आहे आणि ते नेटवर्क बंद झालं त्या दिवशी तुमचे कॉलही बंद होतील, आपत्कालीनसुद्धा. नवीन कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून फोन चालतो का हे तपासण्याची सोय बहुतेकदा असते, ती आधी वापरा.

नंबर नेणे

पहिला नियम: जुनं कनेक्शन स्वतः बंद करू नका. नंबर नवीन कंपनीकडे गेला की ते आपोआप बंद होतं. युरोपीय संघात करार संपल्यावरही किमान एक महिना नंबर नेण्याचा हक्क आहे, पण सगळीकडे अशी मुभा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये जुन्या सिमवरून 'पीएसी' असा मेसेज ६५०७५ वर पाठवला की कोड येतो, तो ३० दिवस चालतो. नंबर नको असेल, फक्त कंपनी सोडायची असेल तर मेसेज 'एसटीएसी' आणि नंबर ७५०७५. अमेरिकेत मेसेजची सोय अशी एकसारखी नाही. तिथे खाते क्रमांक, नंबर नेण्याचा पिन आणि खात्यावरचा पोस्टल कोड लागतो. खाते क्रमांक म्हणजे फोन नंबर नव्हे. प्रीपेडमध्ये तो ॲपमध्ये कुठेतरी खोल दडलेला असतो, काही ब्रँडमध्ये तर मागूनच घ्यावा लागतो. नंबर नेण्याचा पिन हा रोजच्या लॉगिनचा पिन असेलच असं नाही आणि तो काही दिवसांत बाद होतो. नंबर चोरीला जाऊ नये म्हणून खात्यावर 'नंबर लॉक' लावलेलं असेल तर ते आधी काढा. विनंती फेटाळली जाण्याची नेहमीची कारणं हीच: चुकीचा खाते क्रमांक, शिळा पिन, चालू राहिलेलं नंबर लॉक आणि नावाच्या स्पेलिंगमधला फरक.

घाई नसेल तर एक पायरी वाढवा. नवीन कंपनीचं सिम आधी सर्वांत लहान प्लॅनवर, तात्पुरत्या नंबरसह घ्या आणि आठवडाभर घरी, कामावर, जाण्यायेण्याच्या रस्त्यावर वापरून बघा. पटलं तर मग नंबर आणा. त्याआधी एकच विचारून घ्या: चालू असलेल्या सिमवर बाहेरचा नंबर आणता येतो ना? काही प्रीपेड कंपन्या हे फक्त पहिल्यांदा सिम सुरू करतानाच करू देतात.

दिवस निवडताना जुना प्लॅन संपायला तीन-चार दिवस बाकी असावेत. आठवड्याच्या मध्यावर, सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी विनंती अडकली तर सोमवारपर्यंत कुणी बघत नाही आणि तोवर जुना प्लॅन संपतो. जुन्या खात्यावरचं ऑटो-पे आणि कार्ड काढून टाका, पण खातं बंद करू नका. शिल्लक रक्कम साधारणपणे नव्या कंपनीकडे येत नाही. युरोपीय संघात ती मागितली तर परत द्यावी लागते, पण मागावी लागते.

त्या दिवशी जुन्या सिमचं नेटवर्क जातं आणि नवीन सिमवरून बाहेर कॉल लागू लागतात. येणारे कॉल आणि मेसेज काही तास अर्धे इकडे, अर्धे तिकडे जाऊ शकतात. या वेळात बँकेचा व्यवहार करू नका. फोन बंद करून चालू करा आणि थांबा.

कॉल सुरू झाले पण इंटरनेट नाही, तर दोष जवळपास नेहमीच एपीएनचा, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडणाऱ्या फोनमधल्या सेटिंगचा. नवीन कंपनीच्या साइटवरून एपीएनचं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, मागेपुढे मोकळी जागा राहू देऊ नका. आयफोनवर जुन्या छोट्या कंपनीने बसवलेलं प्रोफाइल मागे राहून नवीन एपीएन अडवतं. जनरलमधल्या 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये जाऊन ते काढा. इंटरनेट चालतं पण फोटोचे मेसेज जात नाहीत, असं असेल तर एमएमएसच्या रकान्यात काहीतरी राहिलं आहे.

ई-सिमबद्दल दोन गोष्टी

ई-सिम म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवलेलं सिम. ते उतरवण्याचा क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो. फोनमधून ई-सिम पुसलं आणि तोच कोड पुन्हा स्कॅन केला तर बहुतेक वेळा नकार येतो, कंपनीकडून नवीन घ्यावा लागतो. म्हणून फोन रीसेट करताना 'ई-सिम ठेवा' हा पर्याय बघूनच पुढे जा. दुसरं, लॉक असलेला फोन ई-सिमच्या बाबतीतही लॉकच असतो. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासूनचे फोन सिमच्या खाचेशिवाय येतात. असा फोन घेऊन ज्या देशात प्रीपेड ई-सिम सहज मिळत नाही तिथे गेलात तर अनलॉक असूनही हात चोळत बसाल.

देश बदलताना

एका देशाचा नंबर दुसऱ्या देशात नेता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी बँक, कर, ईमेल अशा प्रत्येक खात्याची दुसऱ्या टप्प्याची पडताळणी मेसेजवरून ऑथेंटिकेटर ॲपवर हलवा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. जिथे मेसेजशिवाय इलाज नाही त्या खात्यांसाठी जुना नंबर सर्वांत स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवा. दुसऱ्या सिमच्या जागी तो ठेवून त्याचं डेटा रोमिंग बंद करा, आयफोनवर 'अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग'ही बंद करा. हा दुसरा पर्याय चालू राहिला की जुनं सिम तुमच्या नकळत डेटा खाऊ शकतं. वाय-फाय कॉलिंग असेल तर ते निघण्यापूर्वी, त्याच देशात चालू करून एक कॉल करून बघा. काही कंपन्या ते देशाबाहेरून चालू देत नाहीत, तेही विचारा. रिचार्जची मुदत किती आणि बाहेरच्या देशाच्या कार्डने पैसे भरता येतात का, या दोन गोष्टी तिथे असतानाच तपासून घ्या.

सिमचा पिन चालू ठेवला असेल तर सिमचं मूळ प्लास्टिक कार्ड फेकू नका. पिन तीन वेळा चुकला की त्यावर छापलेला पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा आठ अंकी कोड, लागतो आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं मरतं. परदेशातून नवीन सिम मागवणं हा वेगळाच उपद्व्याप आहे.

जुना नंबर अखेर सोडायचा ठरला, तर आधी व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, आयमेसेज आणि फेसटाइममधून तो काढा आणि ईमेलच्या खात्यातून पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर म्हणूनही काढा. बंद पडलेला प्रीपेड नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. व्हॉट्सॲपची नोंदणी नंबरवर चालते, त्यामुळे नवा मालक ओटीपी घेऊन त्या नंबरावर स्वतःचं खाते सुरू करतो आणि तुमच्या फोनवरचं बंद पडतं. त्यात टू-स्टेप पिन लावलेला असेल तर थोडी सवड मिळते, पण नंबर बदलणं ती सवड संपण्याआधीच उरकायला हवं.